विसण किती घालू?

आपली दिवाळी अंघोळीने सुरू होते. नरक चतुर्दशीच्या पहाटे तेल-उटणं लावणारा हात लहानपणी आईचा असतो. म्हातारपणी पुन्हा दुसऱ्याच्या हातची अंघोळ नशिबी येते आणि तो हात बहुधा परका असतो.

गेल्या वर्षी खुब्याचं हाड मोडून आमची आई अंथरुणाला खिळली. रुग्णसेवा ब्युरोकडून बारा तासांच्या ड्युटीला एक मावशी आल्या. एका संध्याकाळी घरी येऊन पाहिलं, तर आईचे लांबसडक केस मानेपर्यंत कापलेले. ‘गुंता फार होतो, असं बरं पडतं,’ मावशी म्हणाल्या. आई काहीच बोलली नाही. अंबाडा असायचा तिथे तिचा हात पुन्हा पुन्हा जात होता.

दोष एकट्या मावशींचा नव्हता. आईने काय खायचं, किती वाजता झोपायचं, कोणाला भेटायचं, हे सगळं आम्ही मुलांनीच तिच्या भल्यासाठी ठरवून टाकलं होतं. तिला विचारायचं असतं, हे मावशींना दिसणार तरी कुठून?

पुढे दुसऱ्या मावशी आल्या. दिवाळीच्या पहाटे त्यांनी आईच्या अंगावर पंचा टाकला, दार ओढून घेतलं, तिची बोटं बादलीत बुडवली आणि विचारलं, ‘आजी, विसण किती घालू?’ आई म्हणाली, ‘थोडंच. मला कढत लागतं.’ कित्येक महिन्यांनी तिने स्वतःबद्दल काही ठरवलं होतं.

हे एकट्या आमच्या घरचं नाही. २०११ च्या जनगणनेतच देशात साठी ओलांडलेली माणसं दहा कोटींहून अधिक होती. आईवडिलांचं अन्न, वस्त्र, निवारा आणि औषधपाणी पाहण्याची जबाबदारी २००७ च्या कायद्याने मुलांवर टाकली. अखेरच्या आजारात कोणते उपचार नकोत, हे आधीच लिहून ठेवण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्य केला आणि २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली. मरणाबाबत माणसाचा शब्द चालतो, मग रोजच्या अंघोळीबाबत का चालू नये?

थकल्या माणसाचा मान राखायचा, तर मावशींचा मानही त्यातच आला. त्यांना डबा खायला धड जागा नसते, हक्काची सुट्टी नसते, ब्युरोचं कमिशन जाऊन हातात येईल तेवढंच त्यांचं. त्यांच्याकडून फक्त मायेची अपेक्षा करणं हा अन्याय आहे. ज्या घरात मावशींना माणूस म्हणून वागवतात, तिथे अंथरुणावरच्या माणसाचीही ‘केस’ होत नाही.

म्हणून यंदाच्या अंकाचा विशेष विभाग आम्ही घरच्या शुश्रूषेला वाहिला आहे.

यंदा घरातल्या थकल्या माणसाला उटणं लावायला बसाल, तेव्हा आधी विचारा, विसण किती घालू? आणि ते सांगतील तेवढंच घाला.

दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा!

— संपादक