नऊ इमारतींचा बंदिवास
महामारीत सक्ती अटळ होती. ती कोणावर आणि कशी झाली, हा खरा प्रश्न आहे. ४ जुलै २०२० रोजी मेलबर्नमधील नऊ बहुमजली सरकारी इमारतींना पोलिसांनी वेढा घातला. आत सुमारे तीन हजार माणसे, त्यांत अनेक कुटुंबे आफ्रिका व व्हिएतनाममधून आलेली. घोषणा झाली आणि त्याच क्षणी दारे बंद! भारतात २४ मार्च रोजी निदान चार तास मिळाले होते; तेही किती अपुरे, हे पायी निघालेल्या मजुरांनी दाखविले. येथे औषध वा दूध आणण्यासही सवड नव्हती. दुभाषे वेळेवर पोहोचले नाहीत. युद्ध व छळ सोसून आलेल्यांना दाराशी उभा गणवेश काय सांगत असेल? धनिकांच्या इमारतीवर असा पहारा बसला असता काय? आरोग्याधिकाऱ्यांनी टाळेबंदीला संमती दिली होती, तत्क्षणी अंमल करण्याचा सल्ला मात्र दिलेला नव्हता, असा निष्कर्ष व्हिक्टोरिया राज्याच्या लोकपाल डेबोरा ग्लास यांनी डिसेंबर २०२० मध्ये काढला. मानवाधिकार कायद्याचा भंग झाल्याचेही नोंदविले. क्षमायाचनेची त्यांची शिफारस सरकारने नाकारली. २०२३ मध्ये मात्र रहिवाशांच्या दाव्यात पन्नास लाख डॉलर देऊन तडजोड केली.