जाहिरात कंपनीची, शुल्क विद्यार्थ्यांचे

२४ ऑगस्ट १९९५ रोजी 'विंडोज ९५' बाजारात आले, तेव्हा मायक्रोसॉफ्टने न्यूयॉर्कची एम्पायर स्टेट इमारत आपल्या रंगांनी उजळून टाकली आणि जाहिरातीसाठी रोलिंग स्टोन्सचे गाणे घेतले. अमरावतीच्या राजकमल चौकात अशी रोषणाई करण्याची वेळ त्या कंपनीवर कधी आली नाही. तरीही अमरावती-अकोल्यापासून दर्यापूर-मूर्तिजापूरपर्यंत संगणक म्हणजे विंडोज, पत्र म्हणजे 'वर्ड' आणि हिशेबाचा तक्ता म्हणजे 'एक्सेल' हे समीकरण पक्के झाले. ते कोणी पक्के केले?

एखादे व्यापारी नाव त्या वस्तूचेच नाव होऊन बसणे आपल्याला नवे नाही. वनस्पती तुपाचा 'डालडा' झाला, छायाप्रतीचे 'झेरॉक्स' झाले. पण डालडा घरोघरी पोचवण्यासाठी त्याच्या उत्पादकांना जाहिरातीवर पैसा ओतावा लागला. डालडा ओळखता आला नाही म्हणून कोणाची वेतनवाढ अडली नाही. संगणकाच्या बाबतीत मात्र नेमके तेच घडले.

महाराष्ट्र शासनाच्या पुढाकाराने २००१ साली महाराष्ट्र ज्ञान महामंडळाची स्थापना झाली आणि 'एमएस-सीआयटी' हा अभ्यासक्रम गावोगावच्या केंद्रांतून सुरू झाला. यातील 'एमएस' म्हणजे महाराष्ट्र स्टेट. 'एमएस ऑफिस'मधील 'एमएस' म्हणजे मायक्रोसॉफ्ट. अक्षरांची ही जुळणी केवळ योगायोगाची, पण अभ्यासक्रमाने ती सार्थ करून दाखवली. प्रणाली विंडोज आणि कार्यालयीन कामासाठी ऑफिस, हाच त्याचा कणा राहिला. पुढे शासकीय भरतीसाठी हे प्रमाणपत्र आवश्यक झाले. ते न मिळवणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या वेतनवाढी रोखण्यापर्यंत मजल गेली. म्हणजे शुल्क विद्यार्थ्याचे, सक्ती शासनाची आणि नाव कंपनीचे! कोणत्याही जाहिरात संस्थेला हेवा वाटावा अशीच ही योजना म्हणावी लागेल.

यात कंपनीला दोष देण्यात अर्थ नाही. तिने आपले हित अचूक ओळखले. चिनी लोक आमची सॉफ्टवेअरे चोरणारच असतील तर त्यांनी ती आमचीच चोरावीत, म्हणजे त्यांना त्यांची चटक लागेल आणि वसुली पुढे कशी करायची ते पाहता येईल, अशा आशयाचे उद्गार बिल गेट्स यांनी १९९८ मध्ये काढले होते. सवय आधी, किंमत नंतर, हे ते गणित. २००३ पासून 'प्रोजेक्ट शिक्षा' या नावाने कंपनी भारतातील शिक्षकांच्या प्रशिक्षणातही उतरली. व्यापाऱ्याने व्यापार केला. प्रश्न शिक्षण खात्याने काय केले हा आहे.

एमएस-सीआयटीचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. मराठीतून शिकवणारा, तालुक्याच्या गावी पोचलेला हा अभ्यासक्रम नसता तर कित्येक गृहिणी, शिक्षक आणि शेतकऱ्यांची मुले संगणकाला हात लावायला बिचकली असती. 'कचेऱ्यांत विंडोजच आहे, मग दुसरे शिकवून उपयोग काय?' हा आक्षेपही वरवर बिनतोड वाटतो. पण कचेऱ्यांत विंडोजच का आहे? तिथे येणारा प्रत्येक जण तेवढेच शिकून येतो म्हणून! आधी सवय लावायची आणि मग त्या सवयीलाच पुरावा म्हणून पुढे करायचे, हा युक्तिवाद स्वतःच्याच शेपटीमागे फिरणारा आहे.

शिवाय नाव शिकणे आणि काम शिकणे यांत अंतर आहे. 'ऑफिस २००७' आले आणि 'वर्ड'-'एक्सेल'च्या माथ्यावरचे जुने मेनू जाऊन तिथे 'रिबन' आली. मजकूर कसा मांडावा, तक्ता कसा रचावा हे ज्याला कळले होते, तो दोन दिवसांत सरावला. 'फाइल, एडिट, व्ह्यू' हा क्रम ज्याने पाढ्यासारखा पाठ केला होता, त्याचे शिक्षण त्याच दिवशी जुने झाले. नाममुद्रेवर बेतलेल्या शिक्षणाचे आयुष्य त्या मालाच्या पुढच्या आवृत्तीपुरतेच असते.

अकोल्यात डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ १९६९ पासून उभे आहे. एखाद्या वाणाची शिफारस करण्यापूर्वी ते इतर वाणांशी ताडून पाहायचे, ही कृषी विद्यापीठांची रीत आहे. कपाशीच्या बियाण्याला जो न्याय, तो संगणकाला का नसावा? लिनक्स विनामूल्य मिळते. लिब्रेऑफिसही मिळते, आणि तेही मराठी रूपात. केरळने 'आयटी ॲट स्कूल' प्रकल्पातून शाळांमध्ये मुक्त सॉफ्टवेअर रुजवले. तिथली मुले त्यामुळे बेकार राहिली असे कोणी म्हटलेले ऐकिवात नाही.

म्हणून मागणी अगदी साधी आहे. ज्या प्रमाणपत्रावर महाराष्ट्राचे नाव आहे, त्याच्या परीक्षेत कामाविषयी विचारावे, दुकानाविषयी नव्हे. विद्यार्थ्याला किमान दोन प्रणाली हाताळायला द्याव्यात आणि मग खुशाल विंडोज निवडू द्यावे. ती निवड त्याची असेल. आज त्याच्या हाती पडते ती निवड नव्हे; शुल्क भरून घेतलेली जाहिरात आहे.