चित्रावर बंदी आली की चित्र भिंतीवर जातं

२०२५ च्या फेब्रुवारीत ‘विकटन’ या तमिळ प्रकाशनाची वेबसाइट एका व्यंगचित्रामुळे बंद करण्यात आली. चित्रात पंतप्रधान साखळदंडात आणि शेजारी ट्रम्प. पुढच्या महिन्यात मद्रास उच्च न्यायालयाने साइट खुली करायला सांगितली, पण ते चित्र तूर्त काढून ठेवण्याच्या अटीवर.

हे लांबचं वाटत असेल तर आपल्या पालघरकडे बघा. नोव्हेंबर २०१२ मध्ये मुंबई बंदबद्दल प्रश्न विचारणारी फेसबुक पोस्ट एका मुस्लिम तरुणीने लिहिली, तिच्या मैत्रिणीने ती ‘लाइक’ केली. दोघींना अटक झाली. काकांच्या दवाखान्याची मोडतोड झाली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये व्यंगचित्रकार असीम त्रिवेदी यांना मुंबईत राजद्रोहाच्या कलमाखाली पकडलं होतं. पालघरच्या घटनेनंतर सर्वोच्च न्यायालयात याचिका गेली आणि २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ अ हे कलम रद्द झालं.

बंदीने चित्र मरत नाही, रस्ता बदलतं. १९५४ मध्ये अमेरिकेतल्या कॉमिक्स प्रकाशकांनी स्वतःवरच कडक नियमावली लादून घेतली. साठच्या दशकाच्या अखेरीस सॅन फ्रान्सिस्कोतल्या तरुणांनी स्वतःच पुस्तिका छापून हातोहात विकल्या. पॅलेस्टाइनच्या नाजी अल-अली यांनी पाठमोरा उभा असलेला दहा वर्षांचा हंदाला काढला. १९८७ मध्ये लंडनमध्ये त्यांच्यावर गोळी झाडली गेली, महिनाभराने त्यांचं निधन झालं. हंदाला मात्र आजही भिंतीभिंतीवर दिसतो.

आता आपल्याच घरातलं. व्यंगचित्र म्हटलं की आपल्याकडे आधी कपाळाला आठ्या पडतात. पैगंबरांच्या शानीत गुस्ताखी झाली की होणारं दुःख खरं आहे, ते कुणी हलक्यात घेऊ नये. पण जानेवारी २०१५ मध्ये मुंबईच्या एका उर्दू दैनिकाच्या मुस्लिम संपादिकेने परदेशी साप्ताहिकाचं मुखपृष्ठ छापलं, माफीही मागितली, तरी अटक झाली आणि दैनिकाची ती आवृत्ती बंद पडली. कलम होतं २९५ अ. पालघरच्या मुलींवर पोलिसांनी सुरुवातीला लावलं तेही हेच कलम, धार्मिक भावना दुखावल्याचं! आज ज्या कलमावर आपण टाळ्या वाजवतो, उद्या ते आपल्याच लेकीच्या दारात येतं. नाराजी लेखातून, चर्चेतून, सभेतून जरूर मांडावी. पोलीस ठाण्याची पायरी चढण्याआधी मात्र दहादा विचार करावा.

दाभोशाचा धबधबा बघायला पावसाळ्यात गाड्यांची रीघ लागते. उन्हाळ्यात त्याच जव्हार-मोखाड्यातल्या बायका हंडाभर पाण्यासाठी मैलोन्‌मैल चालतात. इथल्या वारली घरांच्या गेरूच्या भिंतींवर तांदळाच्या पिठाने चित्रं काढायची रीत जुनी आहे. चार चौकटींची भित्तिचित्रकथा काढायला कागद आणि पेन पुरतं. टँकर का आला नाही, रेशन कुठे अडलं, हे मुलांनी त्यात मांडलं तर आपण त्यांच्या पाठीशी उभं राहायचं. चिमटा सत्तेला काढावा, दुबळ्याला नाही, एवढं मात्र त्यांना शिकवायचं.