फेस म्हणजे स्वच्छता नव्हे

शहाबादी फरशीवर ॲसिड ओतले की ती फसफसते, पांढरा फेस उठतो आणि शेजारी उभा असलेला घरमालक समाधानाने म्हणतो, 'बघा, कसा मळ निघतोय!' हे वाक्य सोलापुरात इतक्या दारांत ऐकू येते की कोणाला त्याची शंकाच येत नाही. पण ते साफ चूक आहे. शहाबादी हा चुनखडीचा दगड. फरशी धुवायला बाटलीतून मिळते ते पातळ केलेले हायड्रोक्लोरिक ॲसिड. या दोघांची गाठ पडली की दगडातले कॅल्शियम कार्बोनेट विरघळते आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. फेस त्या वायूचा असतो. मळाबरोबर दगडाची कातडीही जाते. वरचा गुळगुळीत थर गेल्यावर फरशी काही दिवस उजळ दिसते. मग खरखरीत झालेल्या पृष्ठभागात धूळ पहिल्यापेक्षा घट्ट बसते आणि पुढच्या वर्षी आणखी कडक ॲसिड आणावे लागते. कोटा आणि कडप्पा यांचीही हीच कथा, कारण तेही चुनखडीचेच दगड.

एके काळी हे ॲसिड न्हाणीघरापुरते होते. आता ते कंपाउंडच्या भिंतीवर, दर्शनी खांबांवर आणि जुन्या वाड्यांच्या जोत्यांवर चढले आहे. जोडीला जोरदार फवाऱ्याची मशीन आली आहे. घर बाहेरून धुवायचे म्हणजे ॲसिड नाहीतर प्रेशर, तिसरा मार्गच नाही, असे गृहीत धरून कामे दिली जातात. या गृहीतालाच माझा विरोध आहे.

मशीनवाले दोन गोष्टी सांगतात. पहिली, पाणी कमी लागते. ही खरी आहे आणि ती मान्य केली पाहिजे. घरगुती मशीन मिनिटाला साधारण सहा ते आठ लिटर पाणी घेते; उघडा सोडलेला पाइप त्याच्या दुप्पट सहज ओततो. शंभराहून अधिक किलोमीटरवरच्या उजनीतून पाणी आणणाऱ्या आणि वर्षानुवर्षे नळाची चार-चार, पाच-पाच दिवस वाट पाहणाऱ्या शहरात हा मुद्दा हलका नाही. दुसरी गोष्ट ते सांगतात ती अशी की जेवढा जोर तेवढी स्वच्छता. इथे मात्र त्यांचे म्हणणे टिकत नाही. नळाच्या पाण्याला दोन-तीन बारचा दाब असतो, या मशीनला शंभराच्या पुढे. एवढ्या दाबाने मारलेले पाणी समोरचा मळ उडवते तसे सांध्यातला चुनाही उडवते, गिलाव्याच्या केसाएवढ्या भेगेतून आत घुसते आणि भिंतीच्या पोटात जाऊन बसते. त्या दिवशी भिंत चकचकीत दिसते. महिन्या-दोन महिन्यांनी आतल्या खोलीत ओलीचा डाग उमटतो, पण तोवर मशीनवाल्याचे पैसे देऊन झालेले असतात आणि दोष पावसावर जातो.

'अहो, काळा दगड आहे, त्याला काय होतंय?' हा तिसरा युक्तिवाद. दगडापुरता तो बरोबर आहे. आपला काळा पाषाण म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा बेसॉल्ट; तो फवाऱ्याने झिजत नाही आणि ॲसिडने फसफसत नाही. पण भिंत केवळ दगडाची नसते. सोलापूरच्या भुईकोट किल्ल्याचा तट पाहा किंवा जुन्या पेठेतल्या एखाद्या वाड्याचे जोते पाहा. दगड जागच्या जागी बसवणारा चुना सांध्यांत आहे. ॲसिडला नेमका तोच आवडतो. सांधे पोकळ झाले की पाणी आत जाते, माती साठते, पक्ष्यांनी टाकलेले पिंपळाचे बी रुजते आणि मूळ भिंत फोडते. मग कोणीतरी सिमेंटने सांधे भरतो. चुन्यातून बाहेर पडू शकणारी ओल सिमेंटमागे कोंडली जाते आणि शेजारचा मऊ भाग, वीट असो वा पांढऱ्या मातीची भिंत, पापुद्रे टाकू लागतो.

आणखी एक दुष्टचक्र आहे, ते खास आपल्याकडचे. नळाला पाणी नाही म्हणून मशीन बोअरच्या पाण्यावर चालवतात. बोअरचे पाणी जड, क्षारांनी भरलेले. आपल्या उन्हात ते भिंतीवर पाहता पाहता वाळते आणि काळ्या दगडावर पांढरे ओघळ सोडून जाते. ते ओघळ काढायला ॲसिड येते. ॲसिडचा अंश सांध्यात राहतो आणि तिथे नवे क्षार तयार होतात. मुरलेले क्षार पृष्ठभागाखाली स्फटिक होऊन फुगतात आणि वरचा थर ढकलून देतात. भिंतीला खार फुटला म्हणून आपण तक्रार करतो, तेव्हा पुष्कळदा तो आपणच पाजलेला असतो.

मूळ चूक निदानाची आहे. कोकणातली भिंत शेवाळते, मुंबईची खाऱ्या हवेने खराब होते. सोलापूरची भिंत धुळीने माखते. २०१९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमात प्रदूषित शहरांच्या यादीत सोलापूर आहे, आणि इथल्या हवेची मोठी तक्रार धुळीचीच आहे. कोरड्या धुळीवर पाणी मारले की तिचा चिखल होतो आणि तो भिंतीच्या रंध्रांत जाऊन बसतो. कोरडा मळ कोरडाच काढावा. मऊ केसांचा लांब दांड्याचा ब्रश, वरून खाली. आपल्या घरांचे निम्म्याहून अधिक काम एवढ्यात भागते, असे मी ठामपणे म्हणेन. उरलेल्या डागाला साधे पाणी, हलक्या हाताने. तेही पुरले नाही तर पाण्यात थोडा सौम्य साबण. प्रत्येक पायरीवर थांबून पाहायचे आणि आधीची पायरी अपुरी पडली तरच पुढे जायचे.

हा केवळ जुन्या वास्तूंच्या वेडापायी धरलेला हट्ट नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान सेवेने १९७९ सालीच जुन्या इमारतींवर वाळू किंवा जोरदार पाणी मारण्याचे धोके सांगणारी पुस्तिका काढली. ताजमहालाच्या संगमरवराला पिवळटपणा आला तेव्हा पुरातत्त्व खात्याने मुलतानी मातीचा लेप दिला. तो वाळताना मळ ओढून घेतो. सोलापुरातल्या अप्पासाहेब वारदांच्या इंद्रभुवन या जुन्या इमारतीची नक्षी पुढच्या पिढ्यांना दिसायची असेल तर तिच्यावरही असाच हलका हात चालला पाहिजे. आणि जो न्याय इंद्रभुवनाला, तोच तुमच्या आजोबांनी बांधलेल्या दोन खणी घराला का नको?

आपल्या जुन्या लोकांनी तर धुण्याचा प्रश्नच वेगळ्या रीतीने सोडवला होता. ते घर पोतारत. चुन्याचा किंवा पांढऱ्या मातीचा पातळ हात दरवर्षी फिरे. ऊन, पाऊस, धूळ यांचा मार तो थर खाई, मूळ भिंत अंगरख्याखालच्या अंगासारखी सुरक्षित राही. चुन्याच्या भिंतीला आजही याहून चांगला उपाय नाही. सैल झालेले पापुद्रे ब्रशने झाडा, भिंत किंचित ओलवा, चुन्याचे पातळ हात द्या. त्यावर प्लास्टिक पेंट नको, आणि दर्शनी काळ्या दगडावर काळा ऑइल पेंट तर मुळीच नको. त्याने दगड धुतला जात नाही, गुदमरतो.

सिमेंटच्या घराचे काय, असे विचारले जाईल, कारण बहुतेक वाचक तशाच घरात राहतात. बाहेरचा रंग शाबूत असेल तर ब्रश, मऊ फडके आणि हलके पाणी पुरे. टाकी वाहते तिथे खाली किंवा उत्तरेकडच्या भिंतीवर काळे पट्टे दिसतात, ती धूळ नसते, शेवाळ आणि बुरशी असते. आधी टाकीचा फ्लोट दुरुस्त करा. मग पातळ केलेले ब्लीच लावून थोडा वेळ ठेवा आणि साध्या पाण्याने धुऊन काढा. ब्लीच आणि ॲसिड कधीही एकत्र येऊ देऊ नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो, तो जीवघेणा आहे. पार्किंगचे सिमेंट ब्लॉक, गटार, ट्रॅक्टरची चाके यांच्यावर प्रेशर मशीन खुशाल चालवा. तिथे तिचे काम उत्तम आहे.

'ब्रशने घासत कोण बसणार, मजुरी परवडत नाही,' हा शेवटचा आक्षेप. मजुरीचा हिशेब करायचाच तर पुरा करावा. त्यात पोकळ झालेले सांधे पुन्हा भरण्याचा खर्च धरावा. उघड्या पायांनी, तोंडाला फडकेही न बांधता ॲसिडच्या वाफेत उभ्या राहणाऱ्या मजुराची छाती आणि कातडीही धरावी. त्याचे बिल आपल्याकडे येत नाही, एवढ्यावरून ते काम स्वस्त ठरत नाही.

वेळही आपण चुकीची निवडतो. घट बसायच्या आधी घर धुवायचे म्हणून मशीन लावतात, आणि नेमका तोच आपल्याकडे परतीच्या पावसाचा काळ. आधीच ओल्या भिंतीत आणखी पाणी. नवरात्राआधी कोरडी झाडलोट करावी आणि चुन्याचे, पाण्याचे काम दिवाळीनंतर थंडीत काढावे. तेव्हा भिंत सुकलेली असते आणि ऊन सौम्य असल्याने चुना सावकाश धरतो.

काम देण्याआधी दोन गोष्टी स्वतः करा. आडबाजूच्या कोपऱ्यात दगड किंवा गिलावा किंचित ओरखडा आणि त्या पुडीवर लिंबाचे चार थेंब टाका. बुडबुडे आले तर तिथे चुना आहे, म्हणून ॲसिडची बाटली दाराबाहेरच ठेवा. आणि कारागीर कितीही खात्री देत असला तरी आधी हातभर जागेवर करून दाखवायला सांगा, ती जागा पूर्ण वाळेपर्यंत आठवडाभर थांबा, आणि तिच्याकडे पाहूनच उरलेल्या भिंतीचे काम द्या.