हिस्सा वेगळा, हिशोब वेगळा



आई-वडिलांच्या माघारी राहिलेला फ्लॅट विकायचा ठरला, की बहिणीपुढे आधी येतात ती दुरुस्तीची बिले. ‘गळती लागली तेव्हा तू कुठे होतीस? सोसायटीने दुरुस्तीचे पैसे मागितले, ते मी भरले. आता तुझा हिस्सा कसला?’ भावाचा हा सवाल उराशी घेऊन केंद्रात येणाऱ्या बायका मी वर्षानुवर्षे पाहते आहे. हक्कसोडपत्र तयारच असते. माहेर तुटेल या धाकाने त्यावर सही होते.

१९५६ च्या हिंदू वारसा कायद्याच्या कलम २३ मुळे, पुरुष वारस वाटणी करायला तयार होईपर्यंत स्त्री वारसाला राहत्या घराची वाटणी मागता येत नव्हती. २००५ साली ते कलम रद्द झाले. कायद्यातली आडकाठी गेली. घराघरांत तिची जागा या बिलांनी घेतली.

म्हणून दोन गोष्टी वेगळ्या ठेवू या. हिस्सा मालकीचा असतो. दुरुस्ती हा देण्याघेण्याचा हिशोब. भावाने रास्त खर्च केला असेल, तर बहिणीच्या वाट्याची रक्कम तिला मिळणाऱ्या पैशांतून वळती करता येते. तेवढ्याने तिची मालकी संपत नाही.

आणि हिशोब मांडायचाच, तर पुरता मांडावा. आदर्श उपविधींनुसार गच्चीतून होणारी पावसाची गळती, बाहेरच्या भिंती, जिने यांची दुरुस्ती सोसायटीने करायची असते. मग भावाने भरले ते नेमके किती? पावती कुठे आहे? घरातली नवी फरशी कोणाला विचारून बसवली? इतकी वर्षे तो तिथे बिनभाड्याने राहिला, ते कोणत्या रकान्यात धरायचे?

मात्र मालकी सांगणारीने खर्चालाही मागे सरू नये. सोसायटीची थकबाकी राहिली, तर ना-देय दाखला अडतो. सहज न दिसणारा, पण आपल्याला ठाऊक असलेला दोष खरेदीदाराला सांगणे १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने बंधनकारक आहे. त्यामुळे गळती रंगाखाली झाकून चालत नाही.

गटांच्या बैठकांत एवढे जरूर सांगा: वारस म्हणून सोसायटीच्या दप्तरी नाव लावून घ्या. दुरुस्तीआधी अंदाजपत्रक मागा, संमती लेखी द्या. कोणाची किती रक्कम वळती होणार, हे विक्रीआधी कागदावर आणा. आपल्या हिश्शाचे पैसे थेट आपल्याच खात्यात घ्या. समजुतीने जमले नाही, तर वाटणीचा दावा लावता येतो. घराचे रास्त भाग पडत नसतील आणि निम्मा किंवा अधिक हिस्सा असणाऱ्यांनी मागणी केली, तर १८९३ च्या वाटणी कायद्याखाली न्यायालय विक्रीचा आदेश देऊ शकते.

कोर्टाची वाट लांबची आहे, हे खरे. पण हक्कसोडपत्रावर सही करण्याआधी कोणीतरी तिच्या शेजारी बसून ती बिले एकेक करून वाचायला हवीत. ते काम आपले आहे.