ताडोबात गाईड लागतो, मग डोंगरावर का नको?

पोस्ट लांब आहे. पण ज्यांच्या घरचे पोट्टे-पोट्टी या सुट्टीत ट्रेकला जाणार आहेत, त्यांनी शेवटपर्यंत वाचावी ही विनंती.

आपल्या नागपूर जिल्ह्यातल्या माणसाला गाईड म्हणजे काय, हे समजावून सांगावं लागत नाही. ताडोबा असो की पेंच, वनविभागाकडे नोंदणी असलेला गाईड जिप्सीत बसल्याशिवाय गेट उघडत नाही. त्यावर कोणी वाद घालत नाही. आपल्याला गाडीतून खाली उतरायचीही परवानगी नसते, तरी आपण गाईडचे पैसे मुकाट देतो.

आणि हाच माणूस आपल्या १९ वर्षांच्या मुलाला केदारकंठ्याला, ३,८०० मीटरवर, बर्फात पाठवतो तेव्हा आयोजकाला काय विचारतो? "जेवण व्हेज आहे ना?" "परतीचं रिझर्वेशन कन्फर्म आहे ना?" सोबत कोण आहे, तो कुठे शिकला, हे विचारायचं राहूनच जाते.

कळमेश्वर, काटोल, सावनेर, कुठलाही व्हॉट्सॲप ग्रुप उघडा. पचमढी, हरिहर, कळसूबाई, हिमाचल, उत्तराखंड, पोस्टरवर पोस्टर. "एक्सपर्ट लीडर" हा शब्द प्रत्येकावर. या पोस्टसाठी मी पालक म्हणून चार आयोजकांना फोन केले. एकच प्रश्न विचारला, तुमच्या गाईडचं प्रशिक्षण काय? एक म्हणाला, "सर, आमचा लीडर वीस वेळा जाऊन आलाय." दुसरा म्हणाला, "लोकल गाईड वर गेल्यावर भेटतेच." तिसऱ्याने इन्स्टाग्रामची लिंक पाठवली. चौथ्याने मात्र काही न बोलता प्रमाणपत्रांचे फोटो पाठवले. चारात एक. नाव कोणाचंच लिहीत नाही, कारण मुद्दा एका-दुसऱ्या आयोजकाचा नाही, आपल्या न विचारण्याच्या सवयीचा आहे.

आता ही प्रमाणपत्रं असतात काय, ते थोडक्यात. दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट १९५४ सालची, उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था १९६५ सालची. मनालीला आणि पहलगामलाही अशा संस्था आहेत. या सगळ्या सरकारी. तिथे आधी बेसिक कोर्स, मग ॲडव्हान्स, मग शिकवायचं कसं याचा एमओआय कोर्स. बेसिकला 'ए' ग्रेड मिळाली तरच ॲडव्हान्सला प्रवेश. शोध आणि बचावाचा कोर्स वेगळा. म्हणजे कोणी "माझा बेसिक झालाय" म्हणाला, तर तो डोंगरावर नीट चालायला, दोर वापरायला शिकला, एवढाच त्याचा अर्थ. वीस जणांना वर नेऊन सुखरूप खाली आणायला तो शिकला, असा नाही. लर्निंग लायसन्सवाल्याच्या हाती एसटीचं स्टिअरिंग आपण देतो का?

युरोपात पर्वतीय गाईड हा वकील-डॉक्टरसारखा परवान्याचा पेशा आहे. गाईडांच्या आंतरराष्ट्रीय महासंघात आपला शेजारी नेपाळ सदस्य आहे, भारत नाही. आफ्रिकेतल्या किलीमांजारोवर गाईडशिवाय पाऊल टाकता येत नाही. आपल्याकडे हिमालय असूनही पर्वतीय गाईडसाठी देशभर लागू असा एक परवाना नाही. म्हणून तपासायचं काम शेवटी आपल्यावरच येते.

महाराष्ट्रात मात्र कागदावर बरंच आहे. २४ ऑगस्ट २०२१ ला राज्याने साहसी पर्यटन धोरण काढलं. जमीन, पाणी, हवा, तिन्हींतल्या साहसी उपक्रमांच्या आयोजकांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची, सुरक्षेचे नियम पाळायचे. धोरण येऊन वर्षं झाली. आपल्या गावातल्या किती मुख्याध्यापकांनी, प्राचार्यांनी सहलीच्या परवानगीवर सही करण्याआधी हा नोंदणीचा कागद मागितला? स्वतःलाच विचारा.

आता खरा मुद्दा. गाईड रस्ता दाखवायला लागतो, असं आपल्याला वाटते. रस्ता तर आता मोबाईलही दाखवते. गाईडला आपण पैसे देतो ते "आता मागे फिरा" हे वेळेवर सांगायला. शिखर अर्ध्या तासावर आहे, सगळ्यांनी रील काढायला मोबाईल बाहेर काढलेत, आणि तो म्हणतो, ढग पाहा, चला खाली. हे सांगायला शिक्षण लागते, अनुभव लागतो आणि अधिकार लागतो. ज्या लीडरचा पुढचा धंदा शिखरावरच्या ग्रुप फोटोवर चालतो, त्याच्या तोंडून हे वाक्य निघणं कठीण आहे.

जून २०२४ मध्ये उत्तराखंडच्या सहस्रताल ट्रेकवर २२ जणांचा गट हिमवादळात सापडला. त्यातले बहुतेक कर्नाटकातले. ९ जण गेले, १३ वाचले. सोबत स्थानिक गाईड होते. दूर कळमेश्वरात बसून मी कोणाला दोष देत नाही. पण चार हजार मीटरच्या वर हवा बिघडली की परतायला किती कमी वेळ उरतो, ते या घटनेतून दिसते.

उंचीचंही तसंच. आपण राहतो समुद्रसपाटीपासून जेमतेम तीनशे मीटरवर. अडीच हजार मीटरच्या वर विरळ हवेचा त्रास सुरू होऊ शकतो. तीन हजारांच्या वर गेल्यावर झोपायची जागा रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असं डॉक्टर सांगतात. डोकं दुखते, उलटी होते, चालताना तोल जातो, तेव्हा "लिंबूपाणी घे, होईल बरं" म्हणणारा मित्र जीव घेऊ शकतो. शिकलेला गाईड त्याला खाली उतरवतो.

"आमचे बाप-आजे नागद्वारीला गेले, त्यांच्यासोबत कोणता गाईड होता?" हा प्रश्न येणारच. बरोबर आहे. पण नागद्वारीची वाट यात्रेपुरतीच उघडते. तेव्हा मागेपुढे हजारो माणसं असतात, पोलीस असतात, विदर्भातल्या मंडळांचे भंडारे असतात. तिथे माणूस चुकला तरी गर्दीच त्याला वाटेवर आणते. पावसाळ्यात हरिहरच्या कातळपायऱ्यांवर किंवा बर्फातल्या खिंडीत ती गर्दी नसते.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. ४ ऑक्टोबर २०२२ ला द्रौपदी का डांडा शिखरावर हिमस्खलन झालं, त्यात उत्तरकाशीच्याच संस्थेचे प्रशिक्षणार्थी आणि प्रशिक्षक गेले, एकूण २९ जण. मग प्रमाणपत्राचा उपयोग काय? उत्तर एवढंच की डोंगर कोणाचं प्रमाणपत्र वाचत नाही. शिकलेला माणूसही चुकतो, त्याचंही नशीब फिरते. पण जिथे शिकलेल्यांची ही गत, तिथे न शिकलेल्याच्या भरवशावर पोरं सोडायची का?

तिसरा आक्षेप पैशाचा. चांगला गाईड महाग पडते, खरं आहे. मग गट लहान करा, शिखर सोपं निवडा, एक दिवस कमी करा. गाईडच्या पैशात काटछाट करू नका.

पैसे भरण्याआधी चार गोष्टी विचारा. एक, सोबत येणाऱ्या गाईडचं नाव आणि त्याची प्रमाणपत्रं, मालकाची नव्हे. दोन, प्रथमोपचाराचं प्रशिक्षण कधी झालं, त्याला मुदत असते. तीन, एका गाईडमागे किती जण, आणि कोणी आजारी पडलं तर त्याला घेऊन खाली कोण उतरणार. चार, हवा बिघडून मागे फिरावं लागलं तर अंतिम शब्द कोणाचा. चौथ्याचं उत्तर "ग्रुप ठरवेल" असं आलं, तर पैसे खिशातच ठेवा.

आणि दोन मागण्या. शाळा-कॉलेजांनी साहसी सहलीसाठी नोंदणी प्रमाणपत्राशिवाय परवानगी देऊ नये. आणि पर्यटन संचालनालयाने जिल्ह्यातल्या नोंदणीकृत आयोजकांची यादी मराठीत शाळांपर्यंत, नगर परिषदेच्या फलकापर्यंत पोहोचवावी. याला काही मोठा निधी लागत नाही.

एक गोष्ट आपल्या पोरांसाठी. ताडोबा-पेंचमध्ये आजूबाजूच्या गावातले तरुणच गाईड झाले, त्यावर त्यांची घरं चालतात. डोंगर चढायची हौस असेल तर हे कोर्स करा. जागा आधीच भरतात, म्हणून आतापासून अर्ज करा. उद्या कळमेश्वरचा शिकलेला पोट्टा कळमेश्वरच्याच पोरांना वर नेईल आणि गरज पडली तर दटावून खाली आणेल. तेव्हा मी स्वतः त्याची बातमी लावीन.

तुमच्या ओळखीतलं कोणी या सुट्टीत ट्रेकला जात असेल तर ते चार प्रश्न त्याला पाठवा. आणि आयोजकाने काय उत्तर दिलं, ते खाली नक्की लिहा.