उसाच्या बिलामागचे राजकारण : संशोधन काय सांगते?

आजरा तालुक्यातील ऊस उत्पादकाच्या हाती पडणारे बिल वरकरणी साधे असते. ऊस किती टन गेला, टनाला दर काय आणि तोडणी-वाहतुकीपोटी किती कापले गेले, एवढाच त्यातला हिशेब. मात्र दराचा तो एक आकडा ठरण्यामागे साखर उतारा, कारखान्यावरील कर्जाचा बोजा, संचालक मंडळाचे निर्णय आणि प्रसंगी निवडणुकांचे वेळापत्रकही असते, अशी कुजबुज गावागावांत वर्षानुवर्षे चालत आली आहे. पारावरच्या या चर्चेला पुरावा कोणता, हा प्रश्न मात्र अनुत्तरित राहत असे. अलीकडच्या काळात अर्थशास्त्रज्ञांनी नेमकी हीच शंका आकडेवारीच्या कसोटीवर घासून पाहिली आहे. त्यांचे निष्कर्ष ज्यांच्या बिलाविषयी आहेत, त्यांच्यापर्यंत ते फारसे पोहोचलेले नाहीत.

आजऱ्यासारख्या तालुक्याला हे निष्कर्ष विशेष महत्त्वाचे आहेत. सह्याद्रीच्या कुशीतील, मुसळधार पावसाच्या या तालुक्यात जमिनीचे तुकडे लहान आहेत. हिरण्यकेशी आणि चित्रीच्या पाण्यावर ऊस वाढला आणि गवसे येथे तालुक्याचा सहकारी कारखाना उभा राहिला. तोडलेला ऊस फार काळ ठेवता येत नाही. वजन आणि उतारा दोन्ही घटतात. त्यामुळे लहान शेतकऱ्याला दरासाठी घासाघीस करण्यास मुळातच वाव कमी असतो. अशा वेळी कारखान्याच्या कारभारावर सभासदाची पकड किती, यावर त्याचा दर अवलंबून राहतो.

एक गाव की शंभर कारखाने?

प्रवरानगर येथे १९५० मध्ये विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या सहकारी साखर कारखानदारीचा अभ्यास प्रथम समाजशास्त्रज्ञ आणि मानववंशशास्त्रज्ञांनी केला. बी. एस. बाविस्कर यांनी कोपरगाव परिसरात राहून कारखान्याचे राजकारण जवळून न्याहाळले. त्यांचे पुस्तक १९८० मध्ये प्रसिद्ध झाले. डोनाल्ड ॲटवूड यांनी नीरा कालव्याच्या पट्ट्यात दीर्घकाळ अभ्यास करून १९९२ मध्ये आपली मांडणी केली. कारखाना कार्यक्षम चालण्यात लहान आणि मोठ्या बागायतदारांचे हित एकत्र गुंतलेले असते व त्यांची युती हेच महाराष्ट्राच्या यशाचे गमक आहे, असा त्यांच्या प्रतिपादनाचा सारांश होता.

त्यानंतर अर्थशास्त्रज्ञ वेगळ्या वाटेने गेले. अभिजित बॅनर्जी, दिलीप मुखर्जी, कैवान मुन्शी आणि देबराज रे यांनी महाराष्ट्रातील सुमारे शंभर सहकारी कारखान्यांची १९७१ ते १९९३ या काळातील आकडेवारी तपासली. त्यांचा लेख २००१ मध्ये 'जर्नल ऑफ पोलिटिकल इकॉनॉमी'मध्ये प्रसिद्ध झाला. यांपैकी बॅनर्जी यांना पुढे २०१९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. कारखान्यावर बड्या सभासदांचे वर्चस्व असेल, तर उसाचा दर खाली ठेवून जमा होणारी शिल्लक आपल्याकडे वळविण्यात त्यांना लाभ असतो, असे या अभ्यासाचे सूत्र आहे. दराचा फटका सर्वांना सारखाच बसतो. शिल्लक मात्र सर्वांना सारखी मिळत नाही. जमिनीच्या मालकीतील विषमता वाढली, की दर आणि गाळप क्षमता या दोन्हींवर विपरीत परिणाम होतो, हे आकडेवारीतून दिसून आले. लहान शेतकऱ्यांचे प्रमाण आणि दर यांचे नातेही सरळ रेषेतले नाही. एकाच प्रकारच्या शेतकऱ्यांचे प्राबल्य असलेल्या भागांत दर तुलनेने बरा राहतो. संमिश्र भागांत तो अधिक दबतो.

ॲटवूड यांची युती आणि बॅनर्जी यांची विषमता परस्परविरोधी भासतात. वास्तविक दोघांची साधने भिन्न होती. एकाने एका परिसराची नाडी ओळखली, तर दुसऱ्यांनी शंभर नाड्यांची तुलना केली. लहान सभासदाचा आवाज संस्थेत उमटतो की नाही, हा मुद्दा मात्र दोन्हीकडे कळीचा ठरतो.

निवडणुकीचे वर्ष

पारावरच्या कुजबुजीला थेट भिडणारा अभ्यास संदीप सुखटणकर यांचा आहे. 'अमेरिकन इकॉनॉमिक जर्नल : अप्लाइड इकॉनॉमिक्स'मध्ये २०१२ साली तो प्रसिद्ध झाला. राजकारण्यांच्या ताब्यातील कारखाने निवडणुकीच्या वर्षी उसाला कमी दर देतात, असे त्यांना आढळले. हा पैसा निवडणुकीसाठी वळविला जात असावा, असा निष्कर्ष त्यांनी काढला. निवडून आल्यानंतर नेते शेतकऱ्यांची भरपाई करीत असावेत आणि म्हणूनच हा प्रकार खपून जात असावा, असेही त्यांनी सुचविले.

ही पद्धत समजून घेण्यासारखी आहे. एखाद्या वर्षी दर घसरला, तर दुष्काळ, साखरेचे पडलेले भाव, कमी उतारा अशी कारणे पुढे केली जातात आणि ती खरीही असू शकतात. त्यामुळे एका कारखान्याचा एका वर्षाचा दर पाहून काहीच सिद्ध होत नाही. राजकीय नेतृत्वाखालील आणि इतर कारखान्यांची निवडणुकीच्या व बिगरनिवडणुकीच्या वर्षांत तुलना केली, की सर्वांना सारखी लागू असलेली कारणे गळून पडतात व उरलेला फरक उघडा पडतो.

तथापि या पद्धतीची मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे. पैसा प्रत्यक्ष कोठे गेला, हे येथे कोणी पाहिलेले नाही. दरातील फरकावरून ते अनुमानाने काढलेले आहे. शिवाय ही सरासरी आहे. तिच्या आधारे गवसेच्याच काय, कोणत्याही एका कारखान्यावर बोट ठेवणे अन्यायाचे ठरेल. सरासरीने मिळते ती फक्त प्रश्न विचारण्याची दिशा.

कायदा बदलला, हिशेब गुंतागुंतीचा झाला

या अभ्यासांनंतर परिस्थिती पालटली आहे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात २००९ मध्ये दुरुस्ती होऊन रास्त व किफायतशीर दर, म्हणजेच 'एफआरपी' आली. ही रक्कम १४ दिवसांत द्यावी, अन्यथा वार्षिक १५ टक्के व्याज द्यावे, असे बंधन आहे. २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला टनामागे ३,५५० रुपये दर केंद्राने निश्चित केला. राज्याने २०२२ मध्ये एफआरपीचे दोन हप्ते पाडले. मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये तो निर्णय रद्द ठरविला. जयसिंगपूरच्या ऊस परिषदांतून वर्षानुवर्षे झालेल्या मागण्यांचा हा एक टप्पा होता.

किमान दर कायद्याने बांधला गेल्याने दर दाबण्यास पूर्वीइतका वाव राहिलेला नाही. मात्र प्रश्न आता किमान दराच्या वर काय मिळते, येथे सरकला आहे. इथेनॉल, वीज आणि मळी यांचे उत्पन्न वाढल्याने साखरेच्या भावावरून उसाचा दर ताडून पाहणे अवघड झाले. रंगराजन समितीच्या शिफारशींच्या धर्तीवर राज्याने २०१३ मध्ये कायदा करून महसूल वाटणीचे सूत्र स्वीकारले खरे. परंतु उपपदार्थांचा ताळेबंद सामान्य सभासदाला उलगडतो का, हा प्रश्न राहतोच.

नव्या तंत्रज्ञानालाही हीच कसोटी लागू पडते. बारामतीच्या कृषी विकास ट्रस्टने उसासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग केला आणि राज्याने जून २०२५ मध्ये त्यासंबंधीच्या कृषी धोरणाला मंजुरी दिली. बारामतीच्या सपाट, कोरड्या शिवारातील निष्कर्ष आजऱ्याच्या पावसाळी, उताराच्या तुकड्यांना जसेच्या तसे लागू होतील, असे गृहीत धरता येणार नाही. वाढीव उत्पादनाचा लाभ कोणाच्या पदरात पडणार, हा प्रश्न तर त्याहून मोठा आहे.

आजरा घनसाळ तांदळाची गोष्टही निराळी नाही. या सुगंधी तांदळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. कायद्यानुसार हे मानांकन कोणा एका व्यापाऱ्याचे नसते, परिसरातील उत्पादकांचे असते. पण अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद केल्याशिवाय शेतकऱ्याला त्याचा हक्काने वापर करता येत नाही. ही नोंद किती हातांपर्यंत पोहोचते, त्यावर नावाचे मोल कोणाला मिळणार हे ठरेल.

संशोधनाचा उपयोग परदेशी नियतकालिकांपुरता राहू नये, यासाठी फार मोठ्या खर्चाची गरज नाही. प्रत्येक कारखान्याचा गेल्या दहा-पंधरा वर्षांतील उतारा, अंतिम दर, कपात, उपपदार्थांचे उत्पन्न आणि कर्ज एकाच नमुन्यात, मराठीत, वार्षिक सभेपूर्वी ग्रामपंचायतीत लावले, तरी तुलना करण्याचे साधन सभासदाच्या हाती येईल. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातील विभागांना आणि स्थानिक महाविद्यालयांना अभ्यासासाठी याहून जवळचा विषय मिळणार नाही. सुमारे शंभर कारखान्यांच्या आकड्यांतून संशोधकांना जे दिसले, ते पाहण्याची सोय त्या आकड्यांच्या मालकांना, म्हणजे सभासदांना, मिळायलाच हवी.